आगटीभोवतीचं मौन

आमची नात रेवा परवा फोनवर सांगत होती, की शनिवार-रविवार ती कुठल्याशा शेतावर ‘रिट्रीट’ला चालली आहे. मोबाईल फाटकापाशीच काढून घेतात, दोन दिवस कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, पहाटे उठून योगासनं, आणि मग म्हणे नुसतं आपल्या श्वासाकडे बघत बसायचं. “आजी, तुला नाही कळायचं, हे फार वेगळं असतं,” ती म्हणाली. मी म्हटलं, “बाई गं, श्वासाकडे बघण्यात वेगळं काय? दम्याची माणसं जन्मभर तेच करतात.” ती हसली. फोन ठेवता ठेवता सहज म्हणाली, “आणि आजी, रविवारी तिथे हुरडा पण आहे.”

मी फोन ठेवला. मौन आणि हुरडा एका शेतावर, एका रविवारी. पोरीला काय सांगू, की हे सगळं तुझ्या आजीनं करून झालंय, आणि त्या रविवारी ते झालं नसतं, तर तुझी आजी आज कोण असती ते देवालाच ठाऊक.

पौष लागला की आमच्या नगरकडची थंडी अंगाला कोरडी लागते. ओठ फुटतात, टाचा तडकतात, आणि दुपारचं ऊन मात्र इतकं गोड असतं की मांजरासारखं ओट्यावर पडून राहावंसं वाटतं. पौषात लग्नकार्यं नसतात, त्यामुळे माणसं मोकळी असतात आणि शेतं भरलेली असतात. ज्वारी निसवून कणसात दूध भरलेलं असतं, ते घट्ट होऊ लागलेलं असतं, पण अजून दाणा झालेला नसतो. हे मधले दिवस फार थोडे. आज हिरवा असलेला हुरडा पुढच्या आठवड्यात ज्वारी होऊन जातो, मग त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. हल्ली बाजारात तो प्लास्टिकच्या पिशवीत मिळतो, चोळलेला, निवडलेला, गारढोण. मी आणते कधीमधी. तव्यावर गरम करते. हे खातात आणि म्हणतात, “बरा आहे.” बरा आहे म्हणजे तो नाही, हे दोघांनाही माहीत असतं.

तो हिवाळा दुष्काळानंतरचा पहिला. आधीची दोन वर्षं कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. माणसं खडी फोडायला गेलेली, जनावरं छावणीत, रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना तिला भेगा पडायच्या आणि खाताना ती घशात अडायची. मग पाऊस झाला, रान ओलं झालं, आणि त्या पौषात पहिल्यांदा एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी दिसली. बसमधली माणसं बोलायची थांबून बाहेर बघत राहिली होती. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं कुणालाच न सांगता हात जोडले.

पण त्या बसमध्ये मी आणि हे शेजारी बसलो नव्हतो. हे पुढच्या बाकावर, मी मागच्या. आमचा अबोला चालू होता.

आम्ही तेव्हा भिंगारला राहत होतो. हे तिथल्या लष्करी छावणीच्या ऑफिसात कारकून. लग्नाला दुसरं वर्ष, दोन खोल्या, एक स्टोव्ह, एक सायकल. मी शेवगावकडच्या कोरडवाहू गावातली, वडिलांनी हट्टानं बी.ए., बी.एड. केलेली. नाताळात साळवेबाई आमच्या घरी आल्या. त्या कोल्हारकडच्या एका लहानशा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी बी.एड.ला असताना त्यांनी माझे पाठ बघितले होते. भिंगारला त्यांची बहीण असे, तिच्याकडे नाताळाला आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, “माझ्याकडे भूगोलाला बाई नाही. येतेस का? खोलीची काळजी करू नकोस, माझ्याकडे राहा. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत.”

मी हातातली बशी खाली ठेवत होते. ती ठेवून होईपर्यंत हे म्हणाले, “छे छे, ती नाही यायची.”

बशी खाली टेकली आणि विषय संपला. साळवेबाई माझ्याकडे बघत राहिल्या. उठताना मात्र एवढंच म्हणाल्या, “जानेवारीअखेरपर्यंत मी जागा ठेवते. मग दुसरीला घेईन.”

आता खरं सांगते, मला जायचं होतं. फार जायचं होतं. रात्री स्टोव्ह विझवल्यावर मी मनातल्या मनात मुलींना प्रवरेचं खोरं शिकवत असे. पण समजा जायचं नसतं, तरी मला तेवढाच राग आला असता. कारण ‘नाही’ म्हणायचं होतं तर ते माझं ‘नाही’ होतं, आणि ते यांनी परस्पर वापरून टाकलं. मी त्या रात्री एवढंच म्हटलं, “माझ्या वतीनं तुम्ही छान बोलता. आता तुम्हीच बोला.” आणि गप्प झाले.

अबोला म्हणजे काय ते ज्यानं पाळलाय त्यालाच कळतं. त्यात माणसं बोलत नाहीत असं मुळीच नाही. ती भिंतीशी बोलतात, दाराशी बोलतात. “आमटीत मीठ कमी दिसतंय,” हे डब्याकडे बघून म्हणायचे. “डबा फळीवर आहे, हात सगळ्यांना दिलेत देवानं,” मी फळीला सांगायची. शेजारणीच्या मांजरीला तर त्या महिन्यात आमच्या घरचं सगळं राजकारण पाठ झालं असेल. मध्ये संक्रांत आली. सगळ्या आळीला मी ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत फिरले आणि घरी येऊन यांच्या डब्याशेजारी एका वाटीत एक लाडू ठेवला, वाटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू काहीतरी पुटपुटले. संध्याकाळी वाटी धुऊन पालथी घातलेली सापडली. त्यावरही कुणी काही बोललं नाही.

अशात ढगे मास्तर घरी आले. लष्करात पी.टी.चे हवालदार होते, निवृत्तीनंतर भिंगारच्या मारुतीपुढे रोज सकाळी ऑफिसातल्या लोकांना आसनं शिकवत. आवाज परेड ग्राउंडचा. शवासनसुद्धा असं करून घ्यायचे, “शरीर ढिलं... सोड! चेहरा शांत... कर!” त्यांच्या मेहुण्याचा कोल्हारपलीकडे प्रवरेकाठी मळा होता. तिथं शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत शिबिर भरवायचं त्यांच्या मनात होतं. आसनं, प्राणायाम, मिताहार, आणि मौन. “जोडप्यानं या,” मास्तर म्हणाले. “दोन दिवस मौन पाळून बघा. मनाचा सगळा गाळ खाली बसतो.”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. महिन्याभरात पहिल्यांदाच आम्हा दोघांना एकाच गोष्टीचं हसू येत होतं, आणि ते हसताही येईना. यांनी शनिवारची रजा टाकली. मी विचार केला, घरात गप्प बसायचं ते मळ्यावर बसू, तेवढाच स्वयंपाक चुकेल.

शुक्रवारी त्या एसटीतून, वेगळ्या बाकांवर बसून मळ्यावर उतरलो तेव्हा सूर्य नदीपलीकडे टेकला होता. लांबून साखर कारखान्याचा भोंगा झाला आणि वाऱ्यावर मळीचा आंबट वास आला. गुऱ्हाळाची जुनी शेड रिकामीच होती, ऊस सगळा कारखान्याला जायचा, तिथं पुरुषांची सोय. बायकांची घराच्या पडवीत. पडवीत गेले तर एक बाई सतरंजी अंथरत होत्या. त्या वळल्या. साळवेबाई.

“माझी कंबर गेलीय,” त्या म्हणाल्या. “मळ्याच्या मालकांची, तात्यांची मुलगी माझ्या शाळेत आहे, तिच्याकडून कळलं.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “सोमवारी मला कळवायचंय कमिटीला. आठवण म्हणून सांगितलं हो, आग्रह नाही.”

मी काही बोलणार, तेवढ्यात बाहेर मास्तरांनी थाळी वाजवली. मौन सुरू झालं. नियम असा, की जो बोलेल त्यानं विहिरीवरून सगळ्या शिबिराचं पाणी शेंदायचं.

त्या पहाटेचं काय सांगू. मळणीसाठी खळं नुकतंच शेणानं सारवून तयार केलेलं होतं. खळ्यावर वहाण घालून जायचं नाही, ते लक्ष्मीचं ठिकाण, म्हणून सगळे अनवाणी. त्या गार सारवणावर पाय टेकवला की कळ डोक्यात जायची. घोंगडीवर बसलो, डोळे मिटले, आणि मास्तर अंधारात ओरडले, “श्वास... घे!” बांधावरच्या बाभळीतली पाखरं उडाली. साळवेबाई ओंकाराच्या वेळी गप्पच होत्या. मास्तरांनी भुवई उंच केली तेव्हा त्यांनी गळ्यातला क्रूस हातात धरून दाखवला, की मी माझं म्हणतेय मनात. मास्तरांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाचं कोपर सरळ केलं.

मग हळूहळू ऐकू यायला लागलं. पानांवरून टपटपणारं दव. नदीचं बारीक पाणी. कुठं तरी माचाणावर बसून पाखरं हाकणाऱ्या बाईचा लांबलचक हाकारा आणि मग गोफणीचा सटका. आणि माणसांचे श्वास. कुणाचा घरघरता, कुणाचा नाकातून शीळ घालणारा. त्या सगळ्यांत एक मी ओळखला. घेताना मध्ये एकदा अडणारा, मग एकदम सुटणारा. दीड वर्ष तो माझ्या उशाशेजारी होता आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. मला एकदम रडू आलं. का, ते तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, महिनाभर मी यांच्या प्रत्येक शब्दावर कान लावून होते, बोलतात का, कधी बोलतात, कसे बोलतात. अबोल्यात माणूस समोरच्याच्या जिभेकडे बघत असतो. इथं जिभा सगळ्यांच्याच बांधलेल्या, तेव्हा बघायला बाकीचा माणूस उरला. तो काही वाईट नव्हता. उजाडताना डोळे किलकिले करून बघितलं, तर थंडीनं त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि मफलर नेहमीप्रमाणे घरीच विसरला होता.

मी उठून माझी शाल नेऊन दिली असती. पण पहिल्यांदा कुणी, हा प्रश्न होताच. तो मौनातही विरघळला नव्हता. आणि सोमवारही तिथंच उभा होता.

मळ्यातल्या माणसांना मात्र आमचं हे काही केल्या उमगत नव्हतं. मालक म्हणजे मास्तरांचे मेहुणे भागवततात्या आणि त्यांची बायको चंद्रामावशी. दोघंही बोलघेवडी, आणि घरात चौदा-पंधरा पाहुणे येऊन मुक्यानं वावरताहेत. शनिवारी सकाळी मावशींनी दुधाची पातेली आणली आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“का वं मास्तर,” त्या म्हणाल्या, “ही समदी मान्सं रुसल्याती का काय? आमचं काय चुकलं आसंल तर सांगा.”

“रुसली नाहीत, वहिनी. मौन आहे.”

“आता गं! मंग शेजारी इचारत हुते, तुमच्याकडं कुनी गेलं का म्हनून. मी काय सांगू त्यास्नी?”

“सांगा, मनाला विश्रांती देतायत.”

“मनाला व्हय,” मावशी म्हणाल्या. “आन् त्वांडानं काय घोडं मारलंय?”

दिवसभर आसनं झाली. दुपारी मुगाची खिचडी, संध्याकाळी दूध-भाकरी. मास्तर म्हणाले, पोटाचे चार भाग कल्पा, दोन अन्नाचे, एक पाण्याचा, एक वाऱ्याचा. यांच्या ऑफिसातले जाडजूड हेडक्लार्क होते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की वाऱ्याचा भाग जरा जास्तच झालाय. रात्री सगळे लौकर झोपले. पडवीत साळवेबाईंनी माझ्या अंगावर आपल्या घोंगडीचं टोक ओढून दिलं, न बोलता.

रविवारी सकाळी आसनं संपत आली आणि ज्वारीतून धूर दिसला. पाठोपाठ वास आला. गोवऱ्यांचा, आणि त्यात भाजत्या कणसांचा. तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. तात्या धोतराचा सोगा खोचत आले.

“मास्तर, हुरडा काढलाय. चला समदी.”

मास्तर गडबडले. “अहो तात्या, आज मिताहार आहे.”

तात्यांनी ज्वारीकडे बघितलं. मग म्हणाले, “दोन सालं ह्या रानात कनीस न्हवतं. आवंदा आलंय. पाव्हनं रानात आल्यालं आन् हुरडा न खाता गेलं, तर ह्या रानाला काय वाटंल?”

हवालदार असले तरी मास्तर मूळचे शेतकऱ्याच्या घरातले.  “चला,” ते म्हणाले. “पण मौन सोडायचं नाही. खा, पण मौनात खा.”

एवढ्या शिकलेल्या, लष्करातल्या माणसाच्या लक्षात एक गोष्ट आली नाही, आणि आमच्यापैकीही कुणाच्या नाही. आपल्याकडचा आग्रह म्हणजे दोन माणसांचा खेळ आहे. वाढणाऱ्यानं ‘घ्या’ म्हणायचं, खाणाऱ्यानं ‘नको’ म्हणायचं, वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही, खाणाऱ्यानं ‘अहो पुरे, शपथ’ म्हणायचं, मग अर्धी मूठ घालून वाढणारा पुढं सरकतो. पहिल्या नकाराला थांबणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आता यातल्या एका बाजूचं तोंडच बांधून टाकलं, तर दुसऱ्या बाजूनं थांबायचं कुठं?

आगटी म्हणजे जमिनीत खणलेला लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा. तात्या त्यात कणसं खुपसत होते आणि काळसर झाली की बाहेर काढत होते. चंद्रामावशी ती पोळती कणसं नुसत्या तळव्यांत चोळायच्या, फुंकर घालून कोंडा उडवायच्या आणि हिरवेगार, वाफाळते दाणे समोरच्याच्या ओंजळीत घालायच्या. बाजूला लसणाची चटणी, गूळ, दही. हुरडा गरम असतानाच खायचा असतो, ठेवायला ताट नसतं, ओंजळ रिकामी झाली की भरायची. आम्ही वर्तुळ करून बसलो होतो. ओंजळी भरत होत्या, रिकाम्या होत होत्या, भरत होत्या.

हेडक्लार्क आधी खूष होते. मग त्यांनी हात आडवा केला. मावशी म्हणाल्या, “संकोच करू नगा,” आणि त्या आडव्या हातावरच मूठ ठेवली. त्यांनी मान हलवली. “लाजत्यात,” तात्या म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले, तर मावशींनी त्यांच्या उपरण्यात घातला. साळवेबाईंनी हात जोडले, मावशींना वाटलं नमस्कार केला, त्यांनी उलट नमस्कार करून आणखी वाढला. कुणी पोटावरून हात फिरवावा, तर त्याचा अर्थ आवडलं असा. मास्तर स्वतः लाल होऊन घाम पुसत होते, पण नियम त्यांचाच. आणि मावशींचं एकीकडे चालूच, “एक शब्द तोंडातनं न्हाई! एवढं उपाशी ठेवलं व्हय मास्तरांनी तुमास्नी!”

मी मात्र वेगळ्याच जगात होते. शेवगावकडं माझ्या वडिलांच्या शेतात गूळभेंडी ज्वारी असायची. दोन वर्षांत मी हुरडा बघितला नव्हता. शेवटचा खाल्ला तो लग्नाआधी, वडिलांच्या हातचा. ओंजळीतला तो ऊनऊन गोडवा तोंडात जाताच मला शेत आठवलं, वडील आठवले, मिलोच्या भेगाळ भाकरी आठवल्या, आणि वाटलं की आता हे पोटात नाही, आणखी कुठं तरी जातंय. मी खात होते, ओंजळ पुढं करत होते, डोळ्यांत पाणी होतं. थोडं धुराचं, बरंचसं माझं.

समोरून हे ते बघत होते. यांना काय दिसलं असेल? बायको रडतेय, तिच्या हातावर मूठ पडतेय, तिला नको म्हणता येत नाहीये. यांची चुळबुळ मला कळत होती. मावशींनी माझ्या ओंजळीत पुन्हा हात नेला, आणि हे एकदम गुडघ्यावर उठून बसले.

“मावशी, बास! तिला नको आता. तिला नाही सोसायचं.”

माचाणावरची बाई हाकारा घालत होती, तेवढाच आवाज. वर्तुळातली सगळी तोंडं यांच्याकडे वळली. महिन्याभरानंतरचा पहिला शब्द! पहिल्यांदा कुणी, हा प्रश्न यांनी माझ्यासाठी सोडवून टाकला होता. केवढं मोठं मन. आणि पुन्हा तेच! ‘तिला नको.’ पुन्हा माझं ‘नको’ यांच्या तोंडात!

मला राग आला आणि हसू आलं, दोन्ही एकदम. ओंजळ तशीच पुढं धरून मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं, “कुणी सांगितलं? मला हवाय. अजून हवाय.”

साळवेबाईंच्या तोंडातून आधी हसू फुटलं. मग हेडक्लार्क. मग सगळं वर्तुळच. चंद्रामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बरं झालं बाई! ह्या दोघांचं तरी त्वांड उघडलं!” आणि माझी ओंजळ शिगोशीग भरली. मास्तर उठले, घसा खाकरला आणि परेडच्या आवाजात म्हणाले, “दोघांनी. विहिरीवर... चल!”

विहिरीला रहाट होता. हे कासरा ओढत, मी घागर काठावर घेऊन बादलीत रिकामी करत होते. रहाट कुरकुरत होता. मग हे म्हणाले, “मला वाटलं तुला नको असेल.”

“वाटलं तर विचारायचं.”

घागर वर आली. ती मी घेतली. यांनी कासरा सोडला नाही.

“साळवेबाईंना सांगितलं ते... तेही मला वाटलंच होतं. तू एकटी, परक्या गावात. मी इकडे.”

“हो. तेही विचारायचं होतं.”

हे विहिरीत बघत राहिले. “आणि विचारल्यावर तू हो म्हणाली असतीस तर?” हे इतकं हळू म्हणाले, की तेव्हा मला कळलं, या माणसाला लोकांची भीती नव्हती, संशय नव्हता. संध्याकाळी रिकाम्या दोन खोल्यांत यायची भीती होती. ती सांगता येत नव्हती, म्हणून माझं उत्तर स्वतःच देऊन मोकळा झाला होता. माझा राग तिथंच गेला. नोकरीची इच्छा मात्र गेली नाही, हे मला बरं वाटलं. दोन्ही एकत्र राहू शकतात, हे तोवर माहीत नव्हतं.

दुपारी मास्तरांनी थाळी वाजवली. मौन सुटलं आणि खळ्यावर एकच कलकलाट उडाला. साळवेबाई पिशवी खांद्याला लावून आमच्याकडे आल्या. रिवाजच तसा होता, विचारायचं ते पुरुषाला, त्यामुळे त्या बिचाऱ्याही यांच्याकडेच वळल्या. “मिस्टर काळे, उद्या सोमवार. शेवटचं विचारते.”

यांच्या हातात आमची गुंडाळलेली घोंगडी होती. ती यांनी या काखेतून त्या काखेत घेतली. मी यांच्याकडे बघितलं नाही. मी साळवेबाईंच्या चपलांकडे बघत होते आणि माझा श्वास मध्येच अडून राहिला होता, घे नाही आणि सोड नाही.

“मला कशाला विचारता, बाई,” हे म्हणाले. “ती इथंच उभी आहे. तिला विचारा.”

त्या सारवलेल्या खळ्यावर, अनवाणी, हाताला हुरड्याची काजळी लागलेली, मी म्हटलं, “येते.” माझ्या आवाजातलं ‘येते’ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो. राहुरीच्या पुढं अंधार पडला. यांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत संक्रांतीचा लाडू होता, दगडासारखा झालेला. धुतलेल्या वाटीचं कोडं तिथं सुटलं. “रथसप्तमीपर्यंत देता येतो,” हे म्हणाले. “घे तिळगूळ. गोड नाही बोललीस तरी चालेल. पण बोल.” दोघांनी तो दाढेखाली धरून नगरपर्यंत चघळला. एकाचाही दात पडला नाही, ही तरुणपणाची कृपा.

पुढची काही वर्षं आमचा संसार शनिवार-रविवारचा होता. रेवाच्या पिढीला ‘वीकेंड’ शब्द सापडायच्या कितीतरी आधी तो आमच्या घरी एसटीनं यायचा, पिशवीत कोल्हारची ताजी भाजी घेऊन. हे स्वयंपाक शिकले, आमटीत मीठ जास्त घालायला शिकले. मी मुलींना प्रवरेचं खोरं खरोखर शिकवलं, नदीवर नेऊन. मग नगरच्या शाळेत जागा मिळाली, मुलं झाली, बाकी सगळं सगळ्यांच्या घरी होतं तसं. अबोलेही झाले पुढं. पण महिन्याचा एकही नाही.

मागच्या आठवड्यात यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. हल्ली ऐकू कमी येतं. डॉक्टर तरुण, हसतमुख. त्यांनी मला विचारलं, “आजी, आजोबांना कसं ऐकू येतं? त्रास केव्हापासून?” मी सांगायला लागले, उजव्या कानानं कमी, डाव्यानं बरं, टीव्ही मोठा लावतात, रात्री...

“मला विचारा की,” हे खुर्चीतून म्हणाले. “मी इथंच बसलोय.”

डॉक्टर ओशाळले आणि यांच्याकडे वळले. मी तोंड मिटलं. हे सावकाश, नीट, आपल्या कानांची सगळी हकिकत सांगत होते. मध्ये एकदा श्वास अडला, मग सुटला. मी ऐकत बसले.

घरी आलो. हे दाराशी स्टुलावर बसून चपला काढत होते. काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाले, “नियम माहीत आहे ना? जा. पाणी शेंद.”

मी माठातून तांब्या भरून आणला.